आघाडा, हळद आणि आजारी रोहू

श्रावण लागला की भाजीबाजाराच्या कडेला बसणाऱ्या बायकांच्या टोपल्यांत आघाडा दिसू लागतो. जिवतीला आघाडा-दुर्वांची माळ लागते आणि पुढे भाद्रपदात गणपतीच्या एकवीस पत्रींमध्येही त्याला मानाची जागा असते. हे दोन महिने सोडले तर या झुडपाकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. रस्त्याच्या कडेला, पडक्या भिंतीजवळ, शेताच्या बांधावर ते आपले आपण उगवते. जाता-येता त्याचे कुसळासारखे बी कपड्यांना चिकटले म्हणजे आपण चार शब्द बोलून ते झटकून टाकतो. या शतकाच्या आरंभी दिल्ली विद्यापीठात डॉ. रीना चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच बी दळून रोहू माशांच्या खाद्यात मिसळले. आघाडा खाणाऱ्या माशांच्या रक्तात रोगप्रतिकारक द्रव्ये अधिक तयार होतात, हे त्यांच्या २००४ सालच्या निबंधात आले. पुढे २००६ साली त्यांनी रोगजंतू टोचलेल्या माशांवरचे प्रयोगही प्रसिद्ध केले. आघाडा न खाल्लेल्या माशांपेक्षा तो खाल्लेले मासे जास्त संख्येने तगले होते.

एखाद्या कादंबरीकाराने रोहूच्या आजारपणात एवढे लक्ष का घालावे, असे वाचकांना वाटेल. कारण सांगतो. कादंबऱ्या मी सकाळी लिहीत असे. दिवसभर मी बँकेत अधिकारी होतो, आणि नोकरीची सुरुवातीची काही वर्षे भंडारा जिल्ह्यातल्या एका शाखेत काढली. १९८०च्या दशकाचा तो शेवट. तेव्हा गोंदिया वेगळा जिल्हा झाला नव्हता. हा सारा मुलूख तलावांचा. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी शेकडो वर्षांपूर्वी बांधलेले हे तलाव मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जातात. मालगुजारी १९५०च्या कायद्याने गेली, तलावांचे नाव मात्र तसेच राहिले. गावातले ढीवर सहकारी संस्था करून तलाव ठेक्याने घेत, त्यात मासे सोडत आणि त्यासाठी आमच्याकडे कर्ज मागायला येत.

मासेपालनाचे कर्ज ही बँकवाल्याला धडकी भरवणारी गोष्ट. म्हशीच्या कर्जाचे एक बरे असते, तिच्या कानाला विम्याचा बिल्ला मारता येतो. माशाला कान नाही. तारण सारे पाण्याखाली, मोजायचे कसे आणि तपासायचे कसे? एकदा पाहणीला गेलो असता संस्थेचे वयस्क अध्यक्ष मला म्हणाले होते, ‘‘सायेब, मासोळी दिसत नाही तवर चांगली. दिसू लागली का समजा, गेली.’’ त्या वाक्याचा अर्थ पुढच्याच हिवाळ्यात कळला. दोन-तीन दिवस आभाळ भरलेले होते. चौथ्या दिवशी तलावाच्या काठाला मासे येऊन लागले. अंगावर लाल चट्टे, पोटे फुगलेली, काहींचे खवले उभे राहिलेले. कोणी तरी तालुक्याच्या गावातून माणसांच्या औषधांच्या दुकानातून टेट्रासायक्लिनच्या कॅप्सुली आणल्या. त्या फोडून कोंड्यात कालवल्या आणि तो कोंडा तलावात टाकला. माशांनी त्याला तोंडही लावले नाही. त्या हंगामाचे कर्ज आम्ही पुढे हप्ते बांधून दिले, पण गेलेले वर्ष कोणी परत देऊ शकत नव्हते.

तेव्हापासून हा विषय डोक्यात राहिला. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तसे वाचत गेलो, जाणकारांना विचारत गेलो. त्यातून जे हाती लागले ते आज मांडतो आहे.

आधी रोगाविषयी. रोहू, कटला, मृगळ या आपल्या गोड्या पाण्यातल्या माशांना छळणाऱ्या जंतूंमध्ये ‘एरोमोनास हायड्रोफिला’ हे नाव वारंवार येते. माशांचा जलोदर, अंगावरचे व्रण, पंख कुजणे, अंतर्गत रक्तस्राव अशा अनेक दुखण्यांमागे तो असतो. गंमत अशी की हा जंतू कुठून बाहेरून येत नाही. तो तळ्यात, ओढ्यात, माशाच्या आतड्यातही कायमचा वस्तीला असतो. मासा धडधाकट असेतो जंतूचे काही चालत नाही. तळ्यात गर्दी झाली, ढगाळ हवेत पहाटे पाण्यातला प्राणवायू घटला, जाळ्यात धरताना खवले निघाले, किंवा माशांच्या उवांनी कातडीला भोके पाडली, की मग त्याला दार उघडे मिळते. पहारेकरी पेंगला की घरातलाच नोकर तिजोरीला हात घालतो, तशातला हा प्रकार.

ही गर्दी तरी कशी झाली? पूर्वी या माशांची पिल्ले पावसाळ्यात पूर आलेल्या नद्यांतून गोळा करावी लागत. साठलेल्या पाण्यात हे मासे अंडी घालत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून त्यांचे प्रजनन घडवून आणले. मत्स्यजिरे, मत्स्यबीज, बोटुकली हे शब्द त्यानंतर खेड्यापाड्यांतल्या व्यवहारात आले. हेक्टरी पाच हजार बोटुकली सोडायची, पेंड आणि कोंडा घालायचा आणि वर्षाअखेर किलोकिलोचे मासे काढायचे, असा हिशेब बसला. मासे-कोळंबीच्या संवर्धनात आज चीनच्या खालोखाल आपला देश आहे, त्याचे मूळ या घटनेत आहे. पण कोंबड्या असोत, मासे असोत की माणसे, दाटीवाटीने राहू लागली की साथ मागोमाग येतेच. १९८८ साली बांगलादेशातून ईशान्य भारतात माशांच्या व्रणरोगाची मोठी साथ शिरली आणि पुढच्या काही वर्षांत देशात दूरवर पसरली. तिचे मूळ कारण बुरशीसारखा एक जीव असल्याचे पुढे निष्पन्न झाले, पण त्याने केलेल्या जखमांत शिरून नासधूस करणाऱ्यांत एरोमोनास होताच. त्या काळात तिकडच्या लोकांनी तळ्यांत चुन्याबरोबर हळदही टाकली होती. जखमेवर हळद दाबायची हे आपल्या हाडीमासी खिळलेले आहे, मग जखम माशाची का असेना.

यावर प्रतिजैविके होतीच, आजही आहेत. मग अडचण कुठे आली? पहिली अडचण मी भंडाऱ्यात डोळ्यांनी पाहिली. आजारी मासा खात नाही, आणि औषध तर खाद्यातूनच द्यावे लागते. म्हणजे ज्याला हवे त्याच्या पोटात ते जात नाही, जे धडधाकट असतात तेच ते खातात. उरलेले पाण्यात आणि तळाच्या गाळात उतरते. तिथे असंख्य जंतू त्या औषधाच्या सौम्य मात्रेत न्हाऊन निघतात आणि त्याला पचवायला शिकतात. ही विद्या ते आपल्यापुरती ठेवत नाहीत. एक जंतू दुसऱ्याला, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूलाही ती देऊ शकतो. तळ्यातला जंतू जे शिकला ते उद्या रुग्णालयातल्या जंतूला ठाऊक झालेले असू शकते.

म्हणून हा प्रश्न फक्त मासे पाळणाऱ्यांचा राहत नाही. निर्यातीच्या कोळंबीत प्रतिजैविकांचे अंश सापडल्याने युरोपात आपला माल अडवला गेला आणि २००२च्या सुमारास क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांसारख्या औषधांवर मत्स्यसंवर्धनात बंदी आली. २०१९च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने कोलिस्टिन हे औषध पशुपक्षी आणि मत्स्यपालनासाठी वापरण्यास मनाई केली. कोलिस्टिन हे अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांच्या भात्यातले जवळजवळ शेवटचे अस्त्र. ते कोंबडी आणि मासे यांच्यावर खर्ची पडत होते, याची आपल्यापैकी कितीजणांना कल्पना होती?

नॉर्वेने यातून वाट काढली ती लसीची. तिथल्या सामन माशांच्या धंद्यात १९८७ साली जवळपास पन्नास टन प्रतिजैविके वापरली गेली होती. त्यानंतर धंदा कित्येक पटींनी वाढला आणि औषधांचा वापर मात्र अलीकडच्या वर्षांत वर्षाला एक टनाच्याही खाली आला. पण तिथे लहानपणीच एकेका माशाला सुई टोचली जाते. सामन महाग, म्हणून ते परवडते. भिगवणच्या किंवा भंडाऱ्याच्या बाजारात ज्या भावाने रोहू जातो, त्या भावात प्रत्येक बोटुकलीला सुई देण्याचा खर्च कोण सोसणार? स्वस्त माशाला स्वस्त संरक्षण हवे. वनस्पतींकडे शास्त्रज्ञांचे लक्ष गेले त्यामागे परंपरेच्या अभिमानापेक्षा हा रोकडा हिशेब अधिक आहे, आणि मला तो पटतो.

या दिशेने आपल्या देशात बरेच काम झाले आहे. भुवनेश्वरजवळ कौशल्यगंगा येथे गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धनाची केंद्रीय संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी रोहूच्या खाद्यात लसूण, हळद आणि चक्क आंब्याच्या कोयीतला गर मिसळून पाहिला. आपण आमरस झाल्यावर कोयी उकिरड्यावर टाकतो, त्याच त्या. वर्सोव्याला १९६१ पासून असलेल्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेत अश्वगंधेच्या मुळ्यांवर असेच काम झाले आणि ते २०१० साली प्रसिद्ध झाले. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या भारतीदासन विद्यापीठातल्या संशोधकांनी कडुलिंब, तुळस आणि हळद यांचे अर्क वापरून एरोमोनासने आजारी पडलेल्या माशांवर उपचार केले. या सगळ्या ठिकाणी पद्धत साधारण एकच. काही टाक्यांतल्या माशांना वनस्पती द्यायची, काहींना द्यायची नाही, दोन्हींना जंतू टोचायचे आणि कोण किती जगले ते मोजायचे. वनस्पती मिळालेल्या माशांचे पारडे पुन्हा पुन्हा जड निघाले.

हे घडते कसे? दोन वाटांनी. काही अर्क जंतूला थेट मारतात किंवा त्याची वाढ रोखतात. दुसरी वाट अधिक महत्त्वाची वाटते. माशाला आपल्यासारखी अस्थिमज्जा नसते, त्याच्या रक्तपेशी मूत्रपिंडाच्या पुढच्या भागात घडतात. त्यांतल्या जंतू गिळणाऱ्या पेशी या वनस्पतींमुळे अधिक चपळ होतात. जंतूची भिंत विरघळवणारे एक द्रव्य माशाच्या रक्तात आणि अंगावरच्या बुळबुळीत थरात असते, त्याचा जोरही वाढलेला आढळतो. म्हणजे पेंगणाऱ्या पहारेकऱ्याला कोणी तरी वेळीच हलवून जागे करते.

अर्क काढणे ही मात्र कला आहे, आणि तिचे मर्म स्वयंपाकघरातल्या बाईला एखाद्या पदवीधराइतकेच ठाऊक असते. हळद पाण्यात ढवळली तर खाली बसते. फोडणीच्या तेलात पडली की रंग सोडते, कारण तिच्यातले कर्क्युमिन तेलात वा अल्कोहोलमध्ये विरघळते, पाण्यात जवळपास नाही. लसणाचे उलटे. अख्ख्या पाकळीत ते तिखट, जंतुनाशक द्रव्य नसतेच. पाकळी ठेचली की दोन घटक एकत्र येऊन ते जन्माला येते आणि थोड्याच वेळात विरूही लागते. न ठेचता उकळली तर ते तयारही होत नाही. तेव्हा ‘लसूण घाला’ एवढ्या सल्ल्याला अर्थ नाही. ठेचून की वाळवून, ताजी की शिळी, यावर सारे अवलंबून आहे.

आता हिशेब. ही सवय माझी जात नाही. एक हेक्टर तळे आणि सरासरी एक मीटर पाणी म्हणजे दहा हजार घनमीटर, अर्थात एक कोटी लिटर. समजा प्रयोगशाळेतल्या काचेच्या टाकीत लिटरला एक ग्रॅम अर्काने गुण आला. तीच मात्रा तळ्यात ठेवायची तर दहा टन अर्क लागेल! मालमोटार भरून अर्क आणण्यापेक्षा मासे सोडून दिलेले स्वस्त. आता तीच वनस्पती खाद्यातून देऊन पाहू. पाच हजार मासे, प्रत्येकी चारशे ग्रॅमचे धरले तर एकूण दोन टन वजन. वजनाच्या दोन टक्के खाद्य म्हणजे रोजचे चाळीस किलो. भुवनेश्वरच्या प्रयोगांत किलोभर खाद्याला एक, पाच आणि दहा ग्रॅम अशी प्रमाणे घेतली होती. मधले धरले तरी दिवसाला दोनशे ग्रॅम पूड पुरते. दहा टन आणि दोनशे ग्रॅम यांत जे अंतर आहे, त्यात या उपायाचे सारे यश-अपयश सामावले आहे. तळ्यात ओतायला ही औषधे निकामी आहेत, पोटातून द्यायला कामाची. आणि पोटातून द्यायची तर मासा खाता असताना, म्हणजे आजारी पडण्याआधीच, द्यायला हवीत.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर हा विम्याचा हप्ता आहे. घर जळू लागल्यावर हप्ता भरायला धावणाऱ्याला विमा कंपनी दारात उभे करत नाही. मासे काठाला लागल्यावर हळद घेऊन धावणाऱ्याला तळेही दाद देत नाही. हप्त्याचे दुसरेही एक लक्षण आहे, तो भरला म्हणून चुलीपाशी रॉकेल ठेवायचे नसते. तळ्यात मासे दाटीने सोडायचे, तळाचा गाळ काढायचा नाही, चुना घालायचा नाही आणि आघाड्यावर भिस्त ठेवायची, याने काही साधणार नाही.

‘वनस्पतीच ती, तिने काय अपाय होणार’ या समजुतीचाही समाचार घ्यायला हवा. मत्स्यबीज सोडण्यापूर्वी तळ्यातले नको असलेले मासे मारायला आपल्याकडे मोहाची पेंड वापरतात. मीटरभर पाण्याला हेक्टरी अडीच हजार किलोपर्यंत पेंड टाकली की तिच्यातल्या फेसाळ द्रव्याने मासे मरतात, आणि पंधरा-वीस दिवसांनी तिचेच खत होते. सह्याद्रीच्या पट्ट्यात गेळ्याची फळे ठेचून डोहात टाकत आणि गुंगलेले मासे हाताने धरत. कडुलिंबाचा अर्क मात्रेबाहेर गेला तर तोही माशांना घातक ठरतो. म्हणजे वनस्पतींची ताकद आपल्या पूर्वजांना माहीत होती, फक्त ते ती मारायला वापरत होते! तारणारे आणि मारणारे यांत फरक मात्रेचा. खाद्यातल्या वनस्पतींबाबतही अनेक प्रयोगांत मधले प्रमाण सरस ठरले आणि सर्वांत मोठ्या प्रमाणाने उलट गुण कमी दिला. पहारेकऱ्याला सतत हलवत राहिले तर तो थकतो.

मात्रा ठरवायची तर मालाची प्रत ठरलेली हवी, आणि इथेच गाडे अडते. हळदीहळदीतले कर्क्युमिन दोन-तीन टक्क्यांपासून सहा-सात टक्क्यांपर्यंत बदलते. वर्ध्याजवळच्या वायगावची हळद आणि बाजारातली कुठलीशी भुकटी यांना एकाच चमच्याने मोजून कसे चालेल? अलीकडे मत्स्यपालकांच्या मेळाव्यांत ‘शंभर टक्के वनस्पतीजन्य’ अशा बाटल्या मांडलेल्या दिसतात. अशाच एका मेळाव्यात विक्रेत्याला मी विचारले, यात कोणती वनस्पती किती आहे, आणि कोणत्या माशावर तपासली? तो हसून म्हणाला, ‘‘काका, आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही.’’ प्रश्न परिणामाचा होता, उत्तर दुष्परिणामाचे मिळाले.

हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत १९९५ साली दिलेले पेटंट १९९७ साली रद्द झाले, हे वाचकांना आठवत असेल. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने तो लढा दिला, आणि तो जिंकला तो छापील पुराव्यांच्या बळावर. ‘आमची आजी लावायची’ एवढ्यावर ते पेटंट हटले नसते. आजीच्या हळदीला त्या दिवशी कागदाने साथ दिली. माशांच्या बाबतीत आज नेमका तोच कागद अपुरा आहे. टाकीतले प्रयोग पुष्कळ झाले. पण टाकीत पाणी स्वच्छ असते, मासे मोजके असतात आणि जंतू ठरवून टोचलेला असतो. मालगुजारी तलावात कमळ असते, गुरे पाणी पितात, गावचे सांडपाणी येते. तिथे हंगामभर हे खाद्य दिले तर किती मासे वाचतात आणि खर्च वजा जाता संस्थेच्या हाती काय उरते, हे तलावांवरच मोजावे लागेल.

ते मोजायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. एकाच गावात दोन सारख्या बोड्या असतात. एकीत वनस्पतीयुक्त खाद्य द्यावे, दुसरीत साधे. मत्स्यबीज एकाच दिवशी, एकाच ठिकाणचे सोडावे. खाद्य किती, मेलेले मासे किती, निघालेले किती, हे रोज वहीत लिहावे. नागपूर आणि रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनी दर महिन्याला येऊन ती वही तपासावी, मासे पाहावेत, पाण्याचे नमुने न्यावेत. आमच्या शाखेत येणाऱ्या ढीवर संस्थांच्या जमाखर्चाच्या वह्या मी वर्षानुवर्षे पाहिल्या आहेत. मिठाच्या पुड्यापासून जाळ्याच्या दोऱ्यापर्यंत सगळे त्यांत पैशापैशाने लिहिलेले असे. त्याच वहीत एक रकाना वाढवायचा आहे. कर्ज देणाऱ्या बँकांनीही तो रकाना पाहायची सवय लावून घ्यावी. पाण्याखालचे तारण किती सुरक्षित आहे, याचा तेवढाच काय तो लेखी पुरावा त्यांना मिळेल.